प्लॅटिनमची तार आणि दोन क्लिकची माया

रविवारी सकाळी शहराबाहेरच्या एखाद्या मोकळ्या माळावर रिमोटवर उडणाऱ्या छोट्या विमानांचे शौकीन जमतात. आता बहुतेकांची विमाने बॅटरी आणि मोटारीवर चालतात. पण काही जण अजून जुने ‘ग्लो इंजिन’ सोडायला तयार नसतात. मुठीत मावेल एवढे हे इंजिन सुरू करताना त्याच्या माथ्यावरच्या प्लगला दीड व्होल्टची बॅटरी लावतात. प्लगमधले बारीक तारेचे वेटोळे लालभडक होते आणि पंखा फिरवला की इंजिन धडधडू लागते. मग बॅटरी काढून घेतात. गंमत इथेच आहे. आता ठिणगी नाही, वीज नाही, तरी इंजिन मिनिटाला दहा-बारा हजार फेरे घेत चालूच राहते. आत इंधन पेटवते कोण?

उत्तर त्या वेटोळ्यात आहे. त्याच्या तारेत प्लॅटिनम असते. इंधनातल्या मिथेनॉलची वाफ आणि हवेतला ऑक्सिजन तापलेल्या प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर एकत्र आले, की ज्वालेशिवायही त्यांचा संयोग होतो आणि त्यातून निघणारी उष्णता तारेला लाल ठेवते. दट्ट्याने दाबल्यामुळे तापलेली हवा आणि आधीच्या ज्वलनाची उरलेली ऊब तिला हातभार लावतात. प्लॅटिनम स्वतः मात्र या व्यवहारात खर्ची पडत नाही. हा गुण १८१७ साली प्रथम जगापुढे मांडला तो सर हम्फ्री डेव्ही यांनी.

शाळेच्या पुस्तकात डेव्ही आपल्याला भेटतात ते खाणीतल्या सुरक्षित दिव्यामुळे. त्यांच्या कामाची सुरुवात मात्र एका सर्जनच्या दवाखान्यात झाली होती, आणि एक प्रश्न त्यांच्या मागे आयुष्यभर राहिला : किती घेतले म्हणजे पुरे, आणि कुठे थांबायचे? शिंपी कापड बेतताना शिवणीत थोडी माया सोडतो. ती सोडली नाही, तर कपडा अंगाला नेमका बसतो खरा. पण पहिल्याच ताणाला उसवतो. डेव्ही यांनी इतरांसाठी अशी माया ठेवली. स्वतःसाठी फारशी ठेवली नाही.

सर्जनकडची उमेदवारी

इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला कॉर्नवॉलमध्ये पेन्झान्स नावाचे बंदर आहे. तिथे १७ डिसेंबर १७७८ रोजी हम्फ्रीचा जन्म झाला. वडील लाकडावर कोरीवकाम करत. पाच भावंडांत हा सर्वांत मोठा. वडील १७९४ मध्ये वारले तेव्हा हम्फ्री सोळा वर्षांचाही नव्हता. पुढच्याच वर्षी त्याला गावातल्या बोर्लेस नावाच्या सर्जन-औषधविक्रेत्याकडे उमेदवारीला ठेवण्यात आले. त्या काळी डॉक्टर होण्याचा तो एक रुळलेला मार्ग होता : औषधे कुटायची, काढे गाळायचे, जखमा बांधायच्या आणि बघत बघत शिकायचे.

मुलाचे मन मात्र औषधांपेक्षा ती ज्यांपासून बनतात त्या पदार्थांत रमले. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए यांचा ग्रंथ त्याने मुळातून वाचला आणि मिळतील त्या भांड्यांनी प्रयोग सुरू केले. ही हुशारी जाणत्यांच्या नजरेत भरली आणि १७९८ च्या ऑक्टोबरमध्ये, वयाची वीस वर्षे पुरी होण्याआधीच, त्याला ब्रिस्टॉलला बोलावणे आले.

वायूंचा दवाखाना

ब्रिस्टॉलमध्ये डॉ. थॉमस बेडोज ‘न्यूमॅटिक इन्स्टिट्यूशन’ नावाची संस्था उभारत होते. क्षयावर तेव्हा कोणताही उपाय नव्हता. नव्याने सापडलेले वायू हुंगवून फुप्फुसांचे रोग बरे होतील का, हे तपासायचा बेडोज यांचा विचार होता. वायू तयार करण्याच्या आणि हुंगवण्याच्या उपकरणांत वाफेच्या इंजिनवाल्या जेम्स वॅट यांचाही हात होता. डेव्ही यांच्याकडे प्रयोगशाळा सोपवण्यात आली.

तिथे १७९९ च्या वसंतात त्यांनी नायट्रस ऑक्साइड, म्हणजे आपण ज्याला हसवणारा वायू म्हणतो तो, स्वतः हुंगून पाहिला. हा वायू साथीच्या रोगांचे मूळ आहे, असे एका अमेरिकी डॉक्टरांचे मत होते. डेव्ही यांनी रेशमी पिशवीतून तो पोटभर घेतला आणि साथ लागण्याऐवजी अंगात आनंदाची लहर आली. मग कवी कोलरिज, कवी साउदी अशा मित्रांनाही त्यांनी तो दिला. त्यांनी नाडी, श्वास, वेळ, मात्रा सगळे टिपून ठेवले.

इथपर्यंत ठीक होते. पण त्यांनी ‘वॉटर गॅस’ही हुंगला. त्यात कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण मोठे असते. तिसऱ्या श्वासाला ते कोसळण्याच्या बेतात आले. पिशवी तोंडातून सुटली म्हणूनच ते वाचले. शुद्ध पुरती आलेली नसतानाही त्यांनी स्वतःची नाडी चाचपली आणि ती धाग्यासारखी बारीक व फार जलद लागत असल्याची नोंद केली. आपल्याकडे बंद न्हाणीघरात गॅस गीझर लावल्याने जे मृत्यू होतात, ते याच वायूमुळे. त्याला वास नसतो, गुदमरल्याची जाणीव होत नाही. एक-दोन श्वास अधिक झाले असते, तर डेव्ही हे नाव आज कुणाला ठाऊक नसते.

दाढदुखीतून हुकलेला शोध

याच दिवसांत त्यांना अक्कलदाढेचा त्रास सुरू होता. नायट्रस ऑक्साइड घेतला की ठणका कमी होतो, हे त्यांच्या ध्यानात आले. आपले सर्व प्रयोग त्यांनी १८०० साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. ग्रंथाच्या अखेरीकडे त्यांनी सुचवले, की हा वायू वेदना नाहीशी करू शकतो, तेव्हा ज्या शस्त्रक्रियांत फार रक्तस्राव होत नाही त्यांत तो कदाचित उपयोगी पडेल.

मी सरकारी रुग्णालयात काम करणारा डॉक्टर आहे. डेव्हींच्या चरित्रातल्या या जागेपाशी मला दरवेळी थांबावे लागते. तेव्हा माणसाचा पाय कापताना त्याला चौघे जण धरून ठेवत. सर्जनची ख्याती तो किती मिनिटांत पाय उतरवतो यावर ठरे. वेदनेवरचा उपाय छापील पानावर आला होता. पण डेव्ही दुसऱ्या कामांकडे वळले आणि सर्जन मंडळींनी तो धागा उचलला नाही. अमेरिकेत होरेस वेल्स या दंतवैद्याने १८४४ साली हाच वायू घेऊन स्वतःची दाढ काढून घेतली, आणि १८४६ मध्ये बॉस्टनला ईथरची जाहीर शस्त्रक्रिया झाली. मधल्या जवळजवळ पंचेचाळीस वर्षांत किती माणसे शुद्धीवर असताना कापली गेली असतील, त्याचा हिशेब नाही.

आज हा वायू ऑक्सिजनबरोबर ठरावीक प्रमाणात मिसळून दिला जातो. प्रसूतिवेदनांसाठी तर दोन्ही निम्मे-निम्मे असतात. एकटाच दिला, तर वेदना जाईल आणि ऑक्सिजनअभावी रुग्णही. उपकार आणि अपाय यांच्यामधली रेघ प्रमाणाची आहे, हे डेव्ही यांनी स्वतःच्या देहावर अनुभवले होते.

कीर्तीचे दिवस

१८०१ मध्ये डेव्ही लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आले आणि त्यांच्या व्याख्यानांना गर्दी लोटू लागली. विजेच्या साह्याने त्यांनी १८०७ मध्ये पोटॅशियम आणि सोडियम ही मूलद्रव्ये वेगळी केली. पुढल्याच वर्षी मॅग्नेशियम, कॅल्शियम, स्ट्रॉन्शियम आणि बेरियमही. त्याच सुमारास ते इतके आजारी पडले, की कित्येक आठवडे अंथरुणाला खिळून होते. १८१२ मध्ये त्यांना ‘सर’ ही पदवी मिळाली आणि त्याच वर्षी नायट्रोजन ट्रायक्लोराइड या स्फोटक द्रव्याने त्यांचा डोळा जखमी झाला. लिहिणे-वाचणे अवघड झाले, तेव्हा मदतीला घेतलेला बुकबाइंडिंग शिकलेला तरुण म्हणजे मायकेल फॅरडे. पुढच्या वर्षी तो त्यांचा साहाय्यक झाला.

खाणीतला दिवा

२५ मे १८१२ रोजी इंग्लंडच्या ईशान्येकडील फेलिंग इथल्या कोळसा खाणीत स्फोट झाला. ९२ माणसे आणि मुले दगावली. खाणीत मिथेन साचतो. हवेत त्याचे प्रमाण साधारण ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान असले, की साध्या मेणबत्तीनेही त्याचा भडका उडतो. त्याहून कमी असेल तर इंधन अपुरे, जास्त असेल तर हवा अपुरी. आणि उजेडाशिवाय खाणीत काम कसे करणार?

सुंदरलँडचे एक डॉक्टर, विल्यम रीड क्लॅनी, यांनी यावर दिवा बनवला होता. पण तो अवजड होता. १८१५ मध्ये डेव्ही यांना साकडे घालण्यात आले. त्यांनी खाणींना भेट दिली, वायूचे नमुने लंडनला मागवले आणि काही आठवड्यांतच उलगडा केला. धातूच्या अरुंद नळीतून ज्वाला पलीकडे जाऊ शकत नाही, कारण धातू तिची उष्णता शोषून घेतो. मग नळ्यांऐवजी बारीक तारेची जाळीच का नको? चौरस इंचात ७८४ छिद्रे असलेल्या जाळीने त्यांनी ज्योत वेढली. वायू आत येऊन जळला, तरी आग बाहेर जाईना. १८१६ च्या जानेवारीत हा दिवा प्रत्यक्ष खाणीत उतरला.

वायू वाढला, की जाळीतल्या ज्योतीवर निळसर टोपी दिसे आणि ज्योत लांब होई. कामगाराला तो परत फिरण्याचा इशारा असे. डेव्ही यांनी दिव्याचे पेटंट घेतले नाही. जॉर्ज स्टीफन्सन यांनीही त्याच सुमारास स्वतंत्रपणे दिवा बनवला होता. त्यावरून मोठा वाद झाला, आणि त्यात डेव्ही यांनी मनाचा मोठेपणा दाखवला असे म्हणता येत नाही.

ज्योत विझली, तार तापलेलीच

दिव्यावरचे प्रयोग सुरूच होते. ज्योतीच्या वर प्लॅटिनमची बारीक तार टांगून डेव्ही आत कोळशाचा वायू वाढवत गेले. प्रमाण फार झाले तेव्हा ज्योत विझली. तार मात्र पांढरीशुभ्र तापलेली राहिली, तीही कित्येक मिनिटे. अंधाऱ्या खोलीत पाहिले तरी ज्वालेचा मागमूस नव्हता. मग त्यांनी ईथरच्या वाफेत गरम तार धरली. तीही लाल झाली. पॅलेडियमने हे जमले. तांबे, चांदी, लोखंड, सोने यांनी नाही. १८१७ च्या जानेवारीत त्यांनी हे रॉयल सोसायटीपुढे मांडले.

लगेच त्यांना खाणकामगार आठवला. दिव्यातच प्लॅटिनमचे वेटोळे बसवावे, असे त्यांनी सुचवले. वायू वाढून ज्योत विझली, तरी तारेच्या उजेडात माणसाला वाट सापडेल. मोकळ्या हवेशी पोचला, की तीच तार ज्योत पुन्हा पेटवील. १८२० मध्ये त्यांचे चुलतभाऊ एडमंड डेव्ही यांनी प्लॅटिनमची बारीक पूड मद्यार्काच्या वाफेत आपोआप तापते हे दाखवले. स्वतः न बदलता क्रिया घडवणाऱ्या अशा पदार्थांना आज आपण उत्प्रेरक म्हणतो. मोटारीच्या धुरातले विष कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि मिथेनचे प्रमाण मोजणारे तापत्या तारेचे संवेदक हे याच घराण्यातले.

आणि अर्थात माळावरचा तो ग्लो प्लग. रे आर्डेन या अमेरिकी संशोधकाने १९४७ च्या सुमारास तो बाजारात आणला. त्याआधी छोट्या विमानाला ठिणगीसाठी कॉइल, कंडेन्सर आणि बॅटरी असा संसार उचलून उडावे लागे. एका तारेने ते ओझे उतरवले.

इंजिनची नाडी

ग्लो इंजिन नीट लावणे म्हणजे पुन्हा डेव्ही यांचाच प्रश्न : वायू किती आणि हवा किती? कार्ब्युरेटरवरची नीडल इंधनाचे प्रमाण ठरवते. नीडल बंद करत गेले, की इंधन कमी होते, मिश्रण ‘लीन’ होते आणि फेरे वाढतात. कान सुखावतात. नवशिका नेमका इथेच थांबतो. पण या इंजिनाला वंगण इंधनातूनच मिळते. त्यात एरंडेल किंवा कृत्रिम तेल मिसळलेले असते. इंधन तोडले, की तेलही तुटते. त्यात विमान हवेत गेले, की पंख्यावरचा भार हलका होतो, फेरे वाढतात आणि मिश्रण आणखी लीन होते. जमिनीवर सर्वांत झकास वाजणारे इंजिन आकाशात तापते, आचके देते आणि बंद पडते. सिलिंडर-दट्ट्यावर ओरखडे येतात ते वेगळेच.

म्हणून जाणकार पूर्ण थ्रॉटलवर फेरे कमाल होईपर्यंत नीडल फिरवतात आणि मग दोन-तीन क्लिक मागे घेतात. थोडे फेरे जातात, मागे पांढऱ्या धुराची रेघ दिसते. ही शिंप्याची माया. मग विमान घट्ट धरून, नाक काही सेकंद आकाशाकडे करून आवाज ऐकतात. फेरे किंचित वाढले तर ठीक. आवाज बसू लागला, तर मिश्रण अजून लीन आहे.

बिघाड शोधण्याची रीत आम्हा डॉक्टरांच्या ओळखीची आहे : लक्षण बघा, एका वेळी एकच गोष्ट बदला, पुन्हा बघा. बॅटरी काढताच इंजिन पडले? प्लग थकलेला आहे किंवा इंधन जास्त आहे. मंद गतीवर इंधनाची नळी क्षणभर चिमटून पाहा. इंजिन लगेच मेले तर मिश्रण लीन. बराच वेळ फेरे वाढत राहून मग मेले तर ‘रिच’, म्हणजे इंधन जास्त. फेरे कारणाशिवाय वरखाली होत असतील, तर नीडलला दोष देण्याआधी नळीतले बुडबुडे शोधा. बहुधा टाकीतली नळी चिरलेली असते किंवा कंपनाने इंधनाला फेस येतो. काल नीट चाललेले इंजिन आज कुरकुरले, तर हवामान बघा. गार हवा दाट असते, तिला इंधन थोडे अधिक लागते. आणि डबा उघडा राहिला असेल, तर मिथेनॉलने हवेतले पाणी शोषलेले असते.

डब्यातले विष

या मिथेनॉलबद्दल दोन शब्द सांगितले नाहीत, तर डॉक्टर म्हणून माझे कर्तव्य राहून जाईल. मिथेनॉल पोटात गेले, की यकृत त्याचे फॉर्मॅल्डिहाइड आणि मग फॉर्मिक आम्ल बनवते. हे आम्ल डोळ्याच्या नसेवर घाला घालते. विषाची लक्षणे बारा ते चोवीस तासांनी दिसू लागतात, तोवर माणूस बरा वाटतो. नजर धूसर होणे, पोटात दुखणे, धाप लागणे अशी लक्षणे दिसली तर एक तासही दवडू नये. वेळेत उतारा आणि डायलिसिस मिळाले, तर जीव आणि दृष्टी दोन्ही वाचू शकतात. मुंबईत मालवणीला २०१५ च्या जूनमध्ये विषारी दारूने शंभराहून अधिक बळी घेतले. ते विष मिथेनॉलच होते.

म्हणून इंधन पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीही ठेवू नये. नळी तोंडाने ओढू नये. अंगावर सांडले तर लगेच धुवावे, कारण ते कातडीतूनही शिरते. मिथेनॉलची ज्वाला भर उन्हात जवळजवळ दिसत नाही, हेही लक्षात असू द्यावे. नीडल फिरवताना पंख्याच्या मागे उभे राहावे. फिरता पंखा बोट सहज तोडतो.

माया कुणी खाल्ली?

डेव्ही १८२० मध्ये रॉयल सोसायटीचे अध्यक्ष झाले. पण वाद, मानपान आणि शिष्य फॅरडे यांच्या निवडीलाही केलेला विरोध यांनी ही वर्षे कडवट केली. १८२६ च्या अखेरीस, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्यांना पक्षाघात झाला. अध्यक्षपद सोडून ते युरोपभर हवापालट करत हिंडले, मासे धरले, लिहीत राहिले. १८२९ च्या फेब्रुवारीत रोममध्ये दुसरा झटका आला. लष्करात डॉक्टर असलेले धाकटे भाऊ जॉन माल्टाहून धावत आले. घरी परतताना २९ मे १८२९ रोजी जिनिव्हात डेव्ही यांचे निधन झाले. वय अवघे पन्नास. तरुणपणी हुंगलेल्या वायूंचा यात किती वाटा होता, हे सांगता येणार नाही.

खाणमालकांनी कृतज्ञतेने त्यांना चांदीची भांडी भेट दिली होती. ती भावाने रॉयल सोसायटीसाठी ठेवली आणि त्यातून १८७७ पासून रसायनशास्त्रासाठीचे डेव्ही पदक सुरू झाले.

दिव्याचे पुढे काय झाले, ते मात्र अस्वस्थ करणारे आहे. १८३५ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीने खाणअपघातांची चौकशी केली, तेव्हा डरहॅम आणि नॉर्थंबरलँडमध्ये दिवा आल्यानंतरच्या वर्षांत मृत्यू घटण्याऐवजी वाढलेले दिसले. दिव्याचे तत्त्व चुकीचे नव्हते. पण दिवा आहे म्हणून मालकांनी आणखी खोल, आणखी वायूच्या, पूर्वी सोडून दिलेल्या थरांत माणसे उतरवली. हवा खेळती ठेवण्यावरचा खर्च टळला. जाळी फाटलेली असे, गंजलेली असे. वाऱ्याचा जोराचा झोत आला, की ज्वाला जाळीतून बाहेर ढकलली जाई. उजेड अपुरा पडतो म्हणून कामगारच कधी दिवा उघडत. डेव्ही यांनी माणसाच्या जिवासाठी ठेवलेली माया कोळशासाठी कापून नेण्यात आली होती.

आपणही हे रोज करतो. रक्तदाबाची गोळी सुरू झाली, की मीठ वाढते. हेल्मेट घातले, की वेग वाढतो. सुरक्षिततेचे साधन हाती आले, की ते राखीव ठेवायचे सोडून आपण तेही वापरून टाकतो.

माळावरच्या त्या नवशिक्याला जुना शौकीन म्हणूनच सांगतो : सगळ्यांत गोड आवाज आला ना? आता नीडल दोन क्लिक मागे घे, आणि मगच विमान सोड.